आबासाहेबांची भाषणे नव्या आमदारांच्या हाती द्या

मा. अध्यक्ष,
महाराष्ट्र विधानसभा, मुंबई
यांस,

स. न. वि. वि.

आपण स्वतः वकील आहात, म्हणून हे पत्र आपल्यालाच लिहावेसे वाटले. विषय आमच्या आबासाहेबांचा, म्हणजे भाई गणपतराव देशमुखांचा.

मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचे आबासाहेब वकिलीसाठी सांगोल्यात आले आणि सांगोल्याचेच झाले. 1962 साली शेतकरी कामगार पक्षाचे आमदार झाले. 1972 ला हरले, 1974 च्या पोटनिवडणुकीत परत आले. 1995 ला अवघ्या 192 मतांनी पडले, 1999 ला पुन्हा निवडून आले. 2014 पर्यंत असे अकरा विजय, तेही एकाच मतदारसंघातून, एकाच लाल बावट्याखाली.

एसटीने फिरणारा आमदार ही त्यांची ओळख सगळ्यांना ठाऊक आहे. ती खरीच आहे. पण तिच्याआड सभागृहातले आबासाहेब झाकले जातात, याचे मला फार वाईट वाटते. दोनदा मंत्रिपद मिळाले, दुसऱ्या वेळी रोजगार हमीचे खाते होते. बाकी बहुतेक हयात विरोधी बाकांवर गेली. हाती सत्ता नसलेल्या आमदाराजवळ असते तरी काय? मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यायला लावणारा तारांकित प्रश्न, तातडीच्या विषयाकडे सरकारचे लक्ष वेधणारी लक्षवेधी सूचना, खात्याच्या खर्चाच्या मागणीवर मांडायची कपात सूचना आणि नियमांचे पुस्तक. पर्जन्यछायेतल्या आमच्या तालुक्यासाठी त्यांनी कृष्णेचे पाणी मागितले. दुष्काळी तालुक्यांच्या पाण्यासाठी भरणाऱ्या आटपाडीच्या पाणी परिषदेत नागनाथअण्णा नायकवडी, एन. डी. पाटील या चळवळीतल्या नेत्यांसोबत मागितले आणि सभागृहातही मागितले. दावा एका तारखेत निकाली निघत नाही, हे वकिलाला कोणी सांगावे लागत नाही. पाण्याचा दावा त्यांनी पिढीभर चालवला.

30 जुलै 2021 रोजी ते गेले. चौकाला नाव देणे सोपे असते. माझी मागणी वेगळी आहे. त्यांचे प्रश्न, लक्षवेधी सूचना आणि अर्थसंकल्पावरची भाषणे विधिमंडळाने विषयवार एकत्र करावीत: पाणी, दुष्काळ, रोजगार हमी, सहकार. नुसती भाषणे नकोत. प्रत्येक प्रश्नाशेजारी मंत्र्यांचे उत्तर छापा, दिलेले आश्वासन छापा आणि त्याचे पुढे काय झाले तेही छापा. पहिल्यांदा निवडून आलेल्या प्रत्येक आमदाराच्या हाती तो संच द्या आणि संकेतस्थळावर सर्वांना मोफत वाचू द्या.

सुरुवात पाण्याच्या खंडापासून करावी. पुढच्या अधिवेशनात आपण तशी घोषणा करावी, ही विनंती.

आपला,
सांगोल्याचा एक मतदार