शेवटच्या बसच्या आत सराव घ्या

संपादक महोदय,

माझी मुलगी नववीत आहे. गेल्या जुलैत शाळेच्या खो-खो संघात तिची निवड झाली आणि ऑगस्टमध्ये तिनं स्वतःच नाव काढून घेतलं. शाळा पाचला सुटते, त्यानंतर सराव. आमच्या गावाची शेवटची एसटी सव्वापाचची. मी विचारलं तर म्हणाली, "आबा, मी थांबनू ते मनी बस चुकी जाई." संघात राहिल्या त्या सगळ्या शहरातल्या मुली. त्यांच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, चांगल्या खेळतात. पण खेड्यावरून येणाऱ्या मुली शाळेत निम्म्याहून जास्त आहेत, आणि संघात एकही नाही.

पाचवी ते बारावीच्या खेड्यातल्या मुलींना एसटीचा पास मोफत मिळतो. त्या पासामुळेच माझी मुलगी हायस्कुलात गेली. पण खेळायचं तर बस सोडावी लागते.

ती अजून घरी खेळते. खळ्यात आठ विटा ओळीनं मांडते, दोन्ही टोकांना बाभळीचे दांडे रोवते आणि विटांमधून एकेरी साखळी पळते. धाकटा भाऊ धरायला. पाय घसरून गुडघा फुटला तरी हळद दाबून परत पळायला तयार.

लोक म्हणतात खेळानं अभ्यास बुडतो. माझा अनुभव उलटा आहे. जुलैत संघात होती तो महिनाभर तिनं एक दिवस शाळा बुडवली नाही. नाव काढल्यावर ऑक्टोबरात कापूस वेचणीला मजूर मिळेनात, तेव्हा "मी येते वावरात" असं ती आपणहून म्हणाली, आणि मीही नेलं. त्यात माझी चूक आहे, ती मी कबूल करतो. पण सराव चालू असता तर ती आली नसती, आणि मीही नेलं नसतं. त्याच दिवसांत बीजगणिताचे दोन धडे बुडाले, ते अजून भरून निघालेले नाहीत.

अभ्यास बुडतो तो डिसेंबरात. स्नेहसंमेलनासाठी पंधरा दिवस सकाळपासून नाच बसवतात, वर्ग ओस. तीन-तीन नाचांत तीच पाच-सहा मुलं, बाकीची नुसती बसून. एरवी वेळापत्रकात खेळाचा तास असतो, पण त्या तासाला गणित किंवा इंग्रजी घेतात.

माझं मागणं साधं आहे. आठवड्यातले दोन दिवस शेवटचे दोन तास खेळ, चित्रकला, नाटक, वक्तृत्वाला द्यावेत आणि ते दुसऱ्या विषयासाठी कोणी घेऊ नयेत. प्रत्येक मुलाला एक तरी गोष्ट मिळावी. स्पर्धेला गेलेल्या मुलांचे बुडालेले धडे कोणत्या दिवशी भरून घेणार, ते आधीच ठरवावं. इंटरमिजिएट या चित्रकलेच्या सरकारी परीक्षेत 'अ' श्रेणी आली तर दहावीला ७ गुण जादा मिळतात, खेळाडूंनाही सवलतीचे गुण आहेत. हे आम्हा पालकांना जूनच्या सभेतच सांगावं. मला ते शेजारच्या मुलाचा निकाल लागल्यावर कळलं.

हे नवीन काही नाही. याच अमळनेरात साने गुरुजी १९२४ ते १९३० प्रताप हायस्कूलमध्ये शिकवत होते. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते हातानं दैनिक लिहून काढायचे. वर्गाबाहेरचं कामही त्यांनी शिक्षकाचंच काम मानलं. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही अभ्यास आणि अभ्यासेतर अशी भिंत नको असंच म्हटलं आहे.

माझा थोरला मुलगा याच शाळेतून दहावी झाला. पाच वर्षांत त्याचं नाव हजेरीशिवाय कोणी घेतलं नाही. अकरावीत त्यानं कॉलेज सोडलं.

जूनमध्ये मुलीचं दहावीचं वर्ष सुरू होईल. वेळापत्रक त्याच्या आधी ठरतं, म्हणून हे पत्र आत्ता लिहितो आहे.

आपला,
एक शेतकरी पालक
ता. अमळनेर, जि. जळगाव