चकली फ्रीजमागे का गेला?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत घरात साप पाळणाऱ्या मुलांवर लेख आला होता, त्यात एक मुलगा म्हणतो की माझा साप मला ओळखतो, त्याला माझा लळा लागलाय, मी ऑफिसातून आलो की काचेपाशी येऊन बसतो. मग बुधवारी तुम्ही एका वाचकाचं पत्र छापलंत की हे सगळं खूळ आहे, सापाला कसला मेंदू, त्यापेक्षा दगड पाळा. मला दोघांनाही उत्तर द्यायचंय म्हणून लिहितेय. मी काही अभ्यासक नाही, बँकेतून रिटायर झालेली बाई आहे, पण गेल्या हिवाळ्यात पाच महिने मी एकटीने अजगर सांभाळलाय आणि माझं माहेर नागपंचमीच्या बत्तीस शिराळ्याचं, तेव्हा सापाबद्दल चार शब्द बोलायला हरकत नसावी.

तर झालं असं की आमच्या चिरंजीवांनी दोन वर्षांपूर्वी बॉल पायथन आणला. मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला छोटा अजगर, बिनविषारी, घाबरला की डोकं आत घालून स्वतःचा चेंडू करतो म्हणून बॉल. आमच्याकडे त्याचं नाव चकली, कारण बसतो तसाच, पण आहे नर, त्यामुळे घरात व्याकरणाची वाट लागलीय, कोणी म्हणतं चकली आला, कोणी म्हणतं चकली आली. नोव्हेंबरात चिरंजीव कंपनीच्या कामाला जर्मनीला गेले आणि चकली, त्याची काचेची टँक, हीट पॅड, थर्मोस्टॅट आणि गोठवलेल्या उंदरांचं पाकीट माझ्या ताब्यात आलं. उंदीर माझ्या फ्रीजमध्ये येणार नाही हे मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, त्यासाठी ड्राय बाल्कनीत वेगळा छोटा फ्रीजर घेतलाय. आम्ही अंडंसुद्धा न खाणारी माणसं, आणि मी दर दहा-बारा दिवसांनी गोठलेला उंदीर गरम पाण्यात सोडवून चिमट्याने नाचवत बसायचे. आणि डिसेंबरपासून चकली खायचाच बंद झाला. सात आठवडे काही नाही. मी रोज जर्मनीला फोन. शेवटी डॉक्टर म्हणाले की या जातीचे नर थंडीत महिनोन्महिने उपाशी राहतात, वजन उतरलं नाही ना मग तुम्ही जेवा.

आता लळ्याचं. सुरुवातीला मी हात घातला की चेंडू व्हायचा, महिना-दीड महिन्याने व्हायचा बंद झाला, हातावरून सावकाश चढून दंडाशी यायचा. मलाही वाटलं, ओळखायला लागला. मैत्रिणींना फोटो पाठवले. मग फेब्रुवारीत एका संध्याकाळी उंदीर सोडवला, फोन वाजला, बोलले, आणि हात न धुता टँकमधली पाण्याची वाटी बदलायला गेले. अंगठ्यालाच धरलं त्याने. सुयांच्या टोकाएवढी दहा-बारा छिद्रं, बाकी काही झालं नाही, पण त्या क्षणी त्याने मला नाही ओळखलं, उंदराला ओळखलं. या अजगरांच्या वरच्या ओठावर उष्णता टिपणाऱ्या खाचा असतात, जिभेने हवेतला वास उचलून टाळूतल्या इंद्रियाकडे नेतात, तर माझा हात म्हणजे त्याच्या दृष्टीने उंदराच्या वासाचं काहीतरी गरम. त्याच्या हिशोबात चूक काहीच नव्हती. माझा हात धोक्याचा नाही एवढं तो शिकला होता, त्याला सवय म्हणतात, लळा नाही. संध्याकाळी काचेपाशी येतो त्याचंही तेच, मुळात रात्री हिंडणारं जनावर आहे, दिवेलागणीला बाहेर निघणारच, ऑफिसं त्याच वेळेला सुटतात त्याला तो काय करणार.

पण म्हणून दगड पाळा म्हणणाऱ्या काकांचंही मला पटत नाही. आमच्या टँकची काच सरकती आहे आणि जानेवारीत एकदा माझ्याकडून उजव्या कोपऱ्यात बोटभर उघडी राहिली. सकाळी टँक रिकामी. सोसायटीत कळलं असतं तर लिफ्टसुद्धा बंद पडली असती म्हणून मी कोणाला सांगितलं नाही, दोन रात्री टॉर्च घेऊन घर उपसलं, कपाटं, शूरॅक, देवघराखालचा ड्रॉवर, आणि तिसऱ्या दिवशी महाराज सापडले स्वयंपाकघरातल्या फ्रीजमागे, कॉम्प्रेसरला चिकटून, घरातली सगळ्यात उबदार जागा. पुण्यातली जानेवारीची थंडी तुम्हाला माहितीय. मी म्हटलं योगायोग. अकरा दिवसांनी वीज गेली होती म्हणून टँकमध्ये गरम पाण्याच्या बाटल्या टॉवेलात गुंडाळून ठेवल्या आणि त्या नादात काच परत राहिली, आणि या वेळी तासाभरात तो थेट फ्रीजमागे. वाटेत न थांबता. आणि त्यानंतर मी काचेला क्लिप लावली तरी जवळजवळ तीन आठवडे रोज संध्याकाळी तो उजव्या कोपऱ्यातच नाक लावून ढकलून बघायचा, डाव्या कोपऱ्यात एकदाही नाही.

मुलाला सांगितलं तर म्हणाला आई, पहिल्या वेळचा स्वतःचाच वास जमिनीवर राहिला असेल, त्यावरून गेला. फरशी मी रोज पुसते, पण फ्रीजमागची पुसत नाही हे खरं, ते मान्य करते. पण मग त्यानेच मला न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर विद्यापीठातल्या डेव्हिड होल्ट्झमन यांच्या प्रयोगाबद्दल सांगितलं. १९९९ साली त्यांनी कॉर्न स्नेक या अमेरिकेतल्या बिनविषारी सापांना एका मोठ्या उघड्या टबात सोडलं, तळाला आठ भोकं, त्यातलं एकच खरं, ज्यातून लपायला जागा. रोज सराव दिला तर चौथ्या दिवसापर्यंत सापांना ते भोक शोधायला लागणारा वेळ बराच उतरला होता. आणि गंमत म्हणजे तरुण साप खुणा, वास जे मिळेल ते वापरायचे आणि म्हातारे साप डोळ्यांवर जास्त विसंबायचे. आमच्याकडे उलटं आहे, माझा चष्मा रोज हरवतो. अमेरिकेतच बर्मीज अजगरांना दिवा लागला की बटण दाबायचं, मग दार उघडून खाणं मिळेल, हे शिकवलंय, आणि ते शिकले.

अजून एक सांगते कारण ते वाचून मला खूप मजा वाटली. कॅनडात गार्टर स्नेक नावाचे साप आहेत, थंडीत हजारोंनी एकाच बिळात राहतात. तिथल्या विल्फ्रिड लॉरिये विद्यापीठातल्या मॉर्गन स्किनर आणि नोम मिलर यांनी ४० पिल्लं दहा-दहा करून एकत्र ठेवली, रोज फोटो काढले कोण कुणाशेजारी बसतंय, मग सगळ्यांना विस्कटून ठेवलं, तरी ती फिरून फिरून आपापल्याच गटात यायची. हे २०२० मध्ये छापून आलं. मग २०२४ मध्ये तिथूनच दुसरा प्रयोग आला, स्वतःला ओळखतंय का बघायला आपण माकडाला आरसा दाखवतो तसा वासाचा आरसा. सापाचा स्वतःचा वास थोडं ऑलिव्ह ऑइल लावून बदलायचा आणि त्याच्यासमोर धरायचा. गार्टर साप त्याच वासाकडे जास्त वेळ जीभ काढत राहिले, म्हणजे हे माझंच आहे पण काहीतरी गडबड आहे असं काहीसं त्यांना कळलं असावं. याच प्रयोगात बॉल पायथनही होते आणि ते नापास झाले. मी चकलीला त्या दिवशी फार बोलले नाही. तसंही तो आयुष्यभर एकटा राहणारा, त्याला स्वतःचा वास ओळखून कुणाला दाखवायचाय.

आमच्या शिराळ्यात तर सापाच्या हुशारीबद्दल कोणाला शंकाच नव्हती. नाग डूख धरतो, बारा वर्षं चेहरा विसरत नाही, हे मी आजीकडून शंभर वेळा ऐकलंय. आणि त्याच घरात पंचमीच्या आधी पकडून आणलेला नाग मडक्यात फडकं बांधून ठेवलेला असायचा. बाहेर काढून समोर मूठ हलवली की फणा इकडून तिकडे, आम्ही म्हणायचो नाचतोय, ओवाळणी घेतोय. तो बिचारा समोर हलणाऱ्या धोक्यावर नजर ठेवून असायचा. पुढे कोर्टाची बंदी आली आणि ते थांबलं, २०२५ मध्ये केंद्राने प्रबोधनासाठी २१ नाग पकडायची परवानगी दिली तेव्हा गावाकडचे फोन दोन दिवस थांबेनात. मला त्या वेळी काय वाटलं ते इथे लिहीत नाही, भाऊ तुमचाच पेपर वाचतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की साप मठ्ठ आहे असं ठरवलं की माणूस त्याला कसाही ठेवतो. परदेशात मोठे ब्रीडर बॉल पायथन कपाटाच्या ड्रॉवरसारख्या प्लास्टिकच्या खणांत ठेवतात, खाली कागद, एक पाण्याची वाटी, झालं, त्याला काय कळतंय. आपल्याकडेही मी एका ठिकाणी पाहिलं, मुलाबरोबर उंदीर आणायला गेले होते तेव्हा, सापाला नीट लांब होता येईना इतका डबा. जो प्राणी अकरा दिवसांपूर्वीची फ्रीजची वाट लक्षात ठेवतो, बंद झालेला कोपरा तीन आठवडे तपासतो, त्याला त्या डब्यात वर्षानुवर्षं काय वाटत असेल मला सांगता येत नाही, पण काहीच वाटत नाही असं म्हणायची माझी तयारी नाही. आणि वर्षं म्हणजे थोडीथोडकी नाहीत, हे वीस-तीस वर्षं सहज जगतात, अमेरिकेत सेंट लुईसच्या झूमधल्या मादीने २०२० साली साठी उलटल्यावर अंडी घातली, तीही नर जवळ नसताना. मी मुलाला विचारलं लग्न झाल्यावर बायको हो म्हणेल का रे, तर म्हणाला तिला आधी चकलीला भेटवणार. बघू.

तुमच्या लेखात कायद्याचं एक वाक्यसुद्धा नव्हतं ते मात्र खटकलं. आपल्याकडचा नाग, धामण, अजगर यांसारखा साप घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, आणि बॉल पायथनसारखे परदेशी असले तरी २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते, आमची झालीय, कागद माझ्याकडे फाइलला आहेत. आणि फोटो कुठला छापलात, तर गळ्यात साप घालून हसणारा मुलगा. बॉल पायथन हाताळून भीड चेपली की ही पोरं रील्ससाठी नाग धरायला जातात. देशात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सरासरी वर्षाला ५८ हजार माणसं गेली असा अभ्यास आहे, त्यात शेतात राबणारी माणसंच जास्त, त्यांना साप टाळता येत नाही. ज्यांना टाळता येतो त्यांनी मुद्दाम अंगावर घ्यायचा म्हणजे काय.

मार्चअखेरीस चिरंजीव परत आले, बॅगासुद्धा न ठेवता टँकपाशी गेले, काच सरकवली, चकली चकली म्हणून हाका मारल्या. त्याने दोनदा जीभ बाहेर काढली आणि मडक्याच्या खापरीखाली निघून गेला. मुलगा म्हणतो दमलाय तो. पुढच्या लेखासाठी चांगला फोटो हवा असेल तर आमच्याकडे आहे, फ्रीजमागचा, त्यात माणूस कोणी नाही.

आपली,
एक वाचक, कोथरूड, पुणे