नऊ चकत्यांच्या पैशात सहा चकत्यांचं कुलूप विकल्याबद्दल आणि जाब विचारणाऱ्या ग्राहकाला चोर ठरवल्याबद्दल तक्रार

सोलापूर, दि. १६ नोव्हेंबर २०२५

प्रति,
मुख्य व्यवस्थापक,
उत्पादन व ग्राहक सेवा विभाग

विषय: ६० मिमी डिस्क कुलपाच्या आतले भाग ग्राहकाला न सांगता बदलल्याबद्दल आणि काल दुपारी फोनवर झालेल्या अपमानाबद्दल.

महोदय,

काल तुमच्या ग्राहक सेवेला मी सहावा फोन केला. तो शेवटचा. आता जे काय बोलायचं ते कागदावर.

कुलूप तुमच्याच कारखान्यात बनतं, त्यामुळे ते आतून कसं असतं हे थोडक्यातच लिहितो. किल्ली आतल्या चकत्या, म्हणजे डिस्क, फिरवते. सगळ्यांच्या कडेच्या खाचा एका ओळीत आल्या की साइडबार नावाची सळई त्यांत बसते आणि कुलूप उघडतं. खोटी खाच म्हणजे किल्लीशिवाय उघडणाऱ्याला फसवणारी उथळ खाच. माझ्याकडे तुमचं एकाच मॉडेलचं जुनं आणि नवं अशी दोन कुलपं आहेत. जुनं मार्च २०२२ मध्ये १,८५० रुपयांना घेतलं, नवं या सप्टेंबरमध्ये २,३९० रुपयांना. दोन्हींचा खोका सारखाच आहे. वरची तिन्ही वाक्यं तीच आहेत: ‘९ डिस्क’, ‘खोट्या खाचांची सुरक्षा’, ‘किल्लीशिवाय उघडणे अशक्य’. कुलपं मात्र आतून दोन वेगळी आहेत. पाचशे चाळीस रुपये जास्त घेऊन तुम्ही कमी माल दिलात, आणि ते कुठेही छापलं नाही.

हे मला कसं कळलं, यावरच तुमच्या लोकांचा सगळा रोख आहे. म्हणून तेही सांगतो, लपवण्यासारखं काही नाही. अक्कलकोट रोड एमआयडीसीत पॉवरलूमचे सुटे भाग करणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये मी सव्वीस वर्षं टर्नर आहे. नऊ वर्षांपासून मला कुलपं अभ्यासण्याचा नाद आहे. स्वतः विकत घेतलेलं कुलूप व्हाइसमध्ये, म्हणजे शिकंज्यात, धरायचं आणि किल्ली न लावता, काही न फोडता उघडायचं. दुसऱ्याच्या कुलपाला हात लावायचा नाही आणि दाराला लागलेल्या, वापरातल्या कुलपावर प्रयोग करायचा नाही, हे दोन नियम मी आजवर एकदाही मोडलेले नाहीत. साध्या लिव्हरच्या कुलपांपासून सुरुवात केली. चकत्यांच्या कुलपापर्यंत यायला चार वर्षं लागली. त्याचं हत्यार आपल्याकडे सहज मिळत नाही, म्हणून मी ते स्वतः केलं. स्टेनलेसची बारीक नळी, तिच्यात फिरणारी सायकलच्या स्पोकची दोन मिलिमीटरची तार, आणि त्या तारेचं टोक भिंगाखाली कानसून चकतीच्या भोकात बसेल असं केलेलं. नळीने एक चकती फिरवून ताणात धरायची आणि तारेने बाकीच्या एकेक करून फिरवायच्या. पहिली अकरा टोकं वाकली किंवा तुटली. बारावं टिकलं, आणि आजही तेच वापरतो.

तुमचं २०२२ चं कुलूप उघडायला मला त्या हत्याराने अकरा आठवडे लागले. रोज रात्री जेवणानंतर तासभर. कोणती चकती कधी घट्ट लागली, कुठे हलका ठोका जाणवला, तो खरा निघाला की खोट्या खाचेचा, हे सगळं वहीत तारखेनिशी लिहिलेलं आहे. पुढच्या चार चकत्यांमध्ये तुम्ही खोट्या खाचा इतक्या सफाईने घातल्या होत्या की साइडबार बसला असं वाटायचं, आणि तेवढ्यात मागची चकती अडायची. ज्या रात्री ती कडी वर आली त्या रात्री मी वहीत लिहिलं, ‘काम करणाऱ्याने मन लावून काम केलंय.’ हे वाक्य तुमच्या कारखान्यातल्या माणसासाठी होतं.

नवं कुलूप चौदा मिनिटांत उघडलं.

आधी मला वाटलं, आपला हात बसला. म्हणून बंद करून पुन्हा उघडलं, सहा मिनिटं. ताण दिल्यावर दुसरी, पाचवी आणि आठवी चकती कुठेच अडेना, नुसती गरागरा फिरत राहिली. असं होऊच शकत नाही. मग कडीच्या भोकातला स्क्रू काढला, गाभा बाहेर घेतला आणि चकत्या वर्तमानपत्रावर ओळीने मांडल्या. या तीन चकत्यांना खाच नाहीच. खाच जिथे हवी तिथला कडेचा अख्खा भागच कापून टाकलेला आहे. त्या कशाही फिरवा, साइडबारला काही अडवत नाही. किल्लीवर मात्र नऊ काप आहेत, म्हणजे ग्राहकाने मोजले तर नऊच भरतील. उरलेल्या सहा चकत्यांना एकेक खाच आहे, खोटी खाच एकीलाही नाही. जुन्या कुलपाच्या चकत्या शेजारी ठेवल्या तर फरक शाळेतलं पोरही सांगेल.

आता हिशोब करा. तुमच्या किल्लीच्या कापांना सहा कोन आहेत. नऊ चकत्या धरल्या तर कागदावर १,००,७७,६९६ जुळण्या होतात. तीन चकत्या बाद केल्या की उरतात ४६,६५६. एक कोटीच्या जागी पन्नास हजारसुद्धा नाहीत! वजन पूर्वीइतकंच आहे, कडी कडकच आहे, बाहेरून चकाकी आहे. चोरी झाली आहे ती आत, जिथे ग्राहक बघत नाही.

‘एवढं कोण बघतं’ असं तुमच्या चौथ्या फोनवरच्या बाई म्हणाल्या. मी बघतो, आणि माझ्या शब्दावर इतरांनी पैसे घातलेत. माझ्या मेहुण्याची टॉवेलची तीन गोदामं आहेत. आमच्याकडे लूमवर कापसाचे तंतू इतके उडतात की पिन आणि स्प्रिंगचं कुलूप वर्षभरात अडकायला लागतं. चकत्यांच्या कुलपात चकत्यांना स्प्रिंगच नसते, म्हणून ते धुळीत आणि पावसात टिकतं. म्हणून मीच त्याला सांगितलं, हेच घे, मी आतून बघितलंय. त्याने सप्टेंबरमध्ये नऊ कुलपं घेतली. त्यातली दोन, जी अजून दाराला लागली नव्हती, मी त्याच्या परवानगीने उघडून बघितली. दोन्हींत त्याच तीन रिकाम्या चकत्या. म्हणजे एखादा नग चुकून आला असंही नाही. आता त्याला काय सांगू? कटावणीने कोयंडा उपसणारा चोर चकत्या मोजत नाही हे मलाही ठाऊक आहे. पण मग खोक्यावर चकत्या कशाला मोजता? मोजून विकल्यात तर मोजून द्या.

पहिल्या पाच फोनबद्दल जास्त लिहीत नाही. दोनदा मला किल्ली तेलात बुडवायला सांगितलं. एकदा फोन मध्येच कट झाला. दोनदा फोटो मागवले, मी एकोणीस फोटो पाठवले, उत्तर नाही.

कालचा फोन मात्र सविस्तर लिहिणार आहे. शनिवारी दुपारी दीड वाजता आम्ही घरचे जेवायला बसलो होतो. बारा मिनिटं गाणं ऐकवून तुमचे वरिष्ठ अधिकारी फोनवर आले. हातात वही होती म्हणून मी फोन स्पीकरवर ठेवला, तीच चूक झाली. शेजारी माझे वडील, अण्णा, होते, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, मिलमध्ये जॉबर, म्हणजे मुकादम, होते. समोर बारावीतली मुलगी.

त्यांनी विचारलं, “कुलूप उघडत नाही का?” मी म्हटलं, “उघडतं. किल्लीशिवाय उघडतं, तीच माझी तक्रार आहे.” ते म्हणाले, “किल्ली हरवली का?” मी म्हटलं, दोन्ही किल्ल्या समोर आहेत. “मग किल्लीशिवाय उघडायचं कारण काय?” मी शांतपणे सांगितलं, मला हा छंद आहे, माझंच कुलूप आहे, पावती आहे. आतल्या तीन चकत्या रिकाम्या आहेत, फोटो पाठवलेत, ते बघा. त्यावर ते म्हणाले, “फोटो आम्ही उघडलेले नाहीत. कुलपाशी छेडछाड केली की वॉरंटी संपते.” मी म्हटलं, वॉरंटी राहू द्या, चकत्या नऊ आहेत की सहा एवढंच सांगा. थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग हे शब्द, जसेच्या तसे: “काका, सरळ माणूस किल्ली लावतो. असली हत्यारं घरात कोण ठेवतं ते तुम्हालाही माहीत आहे. पोलीस ठाण्यात तुमची काही नोंद आहे का? असेल तर हा नंबर आम्हाला पुढे द्यावा लागेल.”

अण्णांनी हातातला भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. मुलगी माझ्याकडे बघत होती. मी पुन्हा विचारलं, चकत्या नऊ आहेत की सहा? फोन ठेवला गेला. अण्णांनी विचारलं, “कोण होता रे?” मी म्हटलं, कंपनीचा माणूस. ते पुढे जेवले नाहीत. ज्यांनी तीस वर्षं मिलच्या गेटवर रोज झडती देऊन एक बॉबिनसुद्धा घरी आणली नाही, त्यांच्या ताटासमोर त्यांच्या मुलाला चोर म्हटलं गेलं. ही गोष्ट मी विसरणार नाही, तुम्हीही विसरू नका.

कुलपं बनवणाऱ्यांनी आपल्या धंद्याचा इतिहास ठाऊक ठेवावा अशी अपेक्षा आहे. लंडनच्या पिकॅडिलीत ब्रामा कंपनीच्या दुकानाच्या खिडकीत १७९० पासून एक कुलूप ठेवलेलं होतं, जो उघडेल त्याला दोनशे गिनी (जुनी इंग्रजी सोन्याची नाणी) असं लिहून. १८५१ च्या मोठ्या प्रदर्शनाच्या वर्षी आल्फ्रेड हॉब्ज नावाच्या अमेरिकन कारागिराने ते उघडलं. सोळा दिवसांत मिळून एकावन्न तास लागले. कंपनीने कुरकुर केली, पण पैसे दिले. त्याच वर्षी त्याने चब कंपनीचं प्रसिद्ध कुलूपही उघडून दाखवलं. त्याला कोणी चोर म्हणून हाकललं नाही. त्यानंतर कुलपं सुधारली. तुमच्या चकत्यांच्या कुलपाचं मूळ तत्त्वही फिनलंडच्या एमिल हेन्रिकसनने १९०७ मध्ये, रोकड मोजण्याच्या यंत्रातल्या फिरत्या चकत्या बघून काढलं. म्हणजे कल्पना शंभर वर्षांहून जुनी, सगळ्यांना माहीत असलेली. आम्ही पैसे देतो ते ती कल्पना तुम्ही किती मन लावून घडवता याचे. २०२२ च्या कुलपात ते मन होतं.

मला हवं ते असं. आतले भाग कधीपासून आणि कोणाच्या सांगण्यावरून बदलले याचं लेखी उत्तर. माझं आणि मेहुण्याची नऊ, अशा दहाही कुलपांच्या बदल्यात खोक्यावर लिहिलंय तशी कुलपं, किंवा पूर्ण पैसे परत. खोक्यावरचं ‘अशक्य’ काढून टाकणं. आणि कालच्या शब्दांबद्दल लेखी माफी, माझ्या नव्हे, माझ्या वडिलांच्या नावाने. तीस दिवसांत हे झालं नाही तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली मी इथे सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. ग्राहक जिथे राहतो तिथे तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, हे मी विचारून घेतलेलं आहे. खोक्यावर एक आणि आत दुसरं, याला तो कायदा काय म्हणतो ते तुमच्या वकिलांना विचारा. व्हाइस आणि वही घेऊन मी आयोगासमोर तुमचं कुलूप उघडून दाखवायला तयार आहे. आणि पोलिसांना माझा नंबर द्यायचा असेल तर जरूर द्या, मी पावत्या घेऊन स्वतः जाईन.

फोटो तुम्ही अजून उघडलेले नाहीत असं कालच कळलं. म्हणून पावत्यांच्या प्रतींबरोबर माझ्या कुलपातल्या त्या तीन चकत्या, दुसरी, पाचवी आणि आठवी, या पाकिटात स्पीड पोस्टाने पाठवतो आहे. शेजारी जुन्या कुलपातली एक चकती आहे, तिच्यावर मी लाल रंगाचा ठिपका दिलाय. ती मला परत हवी आहे.

आपला ग्राहक,
(नाव, पत्ता व मोबाईल क्रमांक आपल्या नोंदीत आहे)
सोलापूर