काका, नाणं जस्ताचंच निघालं, मनापासून आभार

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

नाव छापायचं नाही, अशी तुमची सक्त ताकीद आहे, म्हणून नुसतं ‘काका’. अमेरिकेतल्या एडिसनच्या मराठी मंडळींपैकी ज्यांना कळायचं त्यांना तेवढ्यावरून कळेलच. फोनवर आभार मानून झाले होते, पण तुम्ही जे दाखवलंत ते स्लॅबमधली, म्हणजे ग्रेडिंग कंपनीने खरेपणा आणि प्रत ठरवून प्लॅस्टिकच्या डबीत बंद केलेली, नाणी विकत घेणाऱ्या आपल्या आणखी चार जणांच्या कामाला येईल. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर.

बाकीच्यांसाठी आधी थोडी पार्श्वभूमी. अमेरिकेचा लिंकन सेंट १९८२ पर्यंत ९५ टक्के तांबं आणि ५ टक्के जस्त यांचा होता, वजन ३.११ ग्रॅम. तांबं महाग झालं म्हणून टांकसाळीने आतून जस्त आणि वरून तांब्याचा पातळ मुलामा असलेली चकती आणली, वजन २.५ ग्रॅम. १९८२ मध्ये दोन्ही प्रकार निघाले, १९८३ पासून चलनासाठी फक्त जस्ताचे. पण टांकसाळ म्हटली की जुनी कोरी चकती कुठेतरी पिंपाच्या सांध्यात, यंत्रात चकत्या सोडणाऱ्या हॉपरच्या कोपऱ्यात अडकून राहणार आणि नव्या वर्षाच्या ठशाखाली जाणार. १९४३ मध्ये युद्धासाठी तांबं वाचवायला सेंट पोलादाचे केले, तरी त्या वर्षाचे काही सेंट तांब्याचे निघालेच. १९८३ चेही असे मोजके सेंट माहीत आहेत. एकेकाला हजारो डॉलर मिळतात. साध्या १९८३ च्या सेंटला, लखलखीत असला तरी, ग्रेडिंगला दिलेले पैसेही बहुतेक वेळा सुटत नाहीत.

माझ्याकडचा १९८३ चा सेंट जुन्या घडणीच्या स्लॅबमध्ये आहे. लेबलावर साल, प्रत आणि तांब्याचा मूळ लाल रंग टिकून असल्याचा शेरा. धातूबद्दल चकार शब्द नाही. घरच्या काट्यावर तो स्लॅब दुसऱ्या एका १९८३ च्या स्लॅबपेक्षा ०.६ ग्रॅम जड भरला. ३.११ मधून २.५ वजा केले की जवळजवळ तेवढंच उरतं! त्या रात्री मला झोप लागली नाही हे सौ.ने तुम्हाला सांगितलंच आहे, मी पुन्हा सांगत नाही. एका स्नेह्याने तर सल्ला दिला, “फोड तो डबा आणि तोल नाणं, हाय काय नाय काय.”

तुम्ही स्लॅब फोडू दिला नाहीत, हा पहिला उपकार. फोडला असता तर ग्रेड आणि तिच्यामागची हमी दोन्ही गेली असती, वर लाल तांब्यावर बोटांचे डाग. तुम्ही फक्त इतकंच म्हणालात, “अरे, तू नाणं तोललंस कुठे? प्लॅस्टिक तोललंस.”

मग तुमच्या जेवणाच्या टेबलावर जे चाललं ते मला जन्मभर आठवेल. काचेच्या झाकणाचा, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा तुमचा काटा, आणि शेजारी तुम्ही मित्रांकडून मागून आणलेले स्लॅब. सगळे एकाच कंपनीचे, सगळ्यांत धातू ठाऊक असलेले सेंट. जुन्या आणि नव्या घडणीच्या स्लॅबमधला फरक तर माझ्या ०.६ ला गिळून टाकणारा होता. एकाच घडणीचे, आत सारखंच नाणं असलेले स्लॅबही एकमेकांशी जुळेनात. प्लॅस्टिकचा साचा, आतली गोल चौकट, लेबल, होलोग्राम, सगळंच थोडंथोडं इकडेतिकडे. माझे दोन स्लॅब तर दोन वेगळ्या पिढ्यांचे होते. एका कागदावर तुम्ही आकडे मांडत गेलात आणि माझा पुरावा माझ्या डोळ्यांदेखत पातळ होत गेला. तुम्ही मात्र एकदाही “मी म्हटलं नव्हतं?” असं म्हणाला नाहीत.

तिथेच तुम्ही सांगितलेली गोष्ट मी आता ज्याला त्याला सांगत सुटलोय. ग्रेडिंग करणारे नाणं खरं आहे का आणि कुठल्या प्रतीचं आहे ते पाहतात. नेहमीच्या वर्षाचं साधं नाणं आलं की ते तोललंच जातं असं नाही. चुकीच्या चकतीवरचं नाणं म्हणून त्यांनी ते ओळखलं, तर लेबलावर तसं लिहितात, बरेचदा वजनही छापतात. म्हणजे माझ्या लेबलावरून ‘हो’ही म्हणता येत नव्हतं आणि ‘नाही’ही. शंका घ्यायला जागा होती, हे तुम्ही मान्य केलंत. शंका घेतली म्हणून मला वेड्यात काढलं नाहीत, याचं मोल तुम्हाला कळणार नाही.

आपल्याकडे नाणं खणखणीत वाजवून घेण्याची रीत. स्लॅबमधलं नाणं वाजवणार कसं? लोहचुंबकाचाही इथे उपयोग नाही, कारण तांबं आणि जस्त दोन्ही त्याला दाद देत नाहीत. यावरून तुम्ही कपाटातून १९४७ चा वाघाचा रुपया काढलात आणि तो टपकन चुंबकाला चिकटला. कित्येक घरांत दिवाळीला हा रुपया चांदीचा म्हणून लक्ष्मीपूजनात ठेवतात, आमच्याही घरी ठेवायचे. आहे तो निकेलचा. (आईला हे अजून सांगितलेलं नाही. सांगणारही नाही.)

खरी साक्ष काढली ती तुमच्या दहापट भिंगाने. टेबललॅम्प बाजूला वाकवून, स्लॅब तिरका धरून, तुम्ही मला लिंकनच्या मानेमागची, ‘लिबर्टी’ या अक्षरांजवळची जागा बघायला लावलीत. पहिल्यांदा मला काहीच दिसलं नाही. मग स्लॅब जरा फिरवल्यावर तिथे खसखशीच्या दाण्याहूनही बारीक पुटकुळी दिसली. रंग आजूबाजूसारखाच लाल, माथा गोल आणि अखंड, प्रकाश तिच्यावरून घसरत जाणारा. “मार लागला तर खड्डा पडतो, कचरा असेल तर रंग बदलतो. हा फुगा आहे. मुलाम्याखाली वायू अडकला की असं होतं,” तुम्ही म्हणालात. मग काठाजवळच्या एका अक्षराच्या कडेला केसाएवढी करडी रेघ दाखवलीत. ठसा बसताना मुलामा तिथे ताणून फाटला होता आणि आतलं जस्त डोकावत होतं. अख्खं नाणं एकाच धातूचं असतं तर मुलामा नाही, फुगा नाही, करडी रेघही नाही. आणि लगेच उलट बाजूही बजावलीत: फुगा सापडला तर जस्त, पण सापडला नाही म्हणून तांबं सिद्ध होत नाही. जस्ताचे पुष्कळ सेंट अगदी नितळ असतात.

‘पितळ उघडं पडलं’ असं आपण म्हणतो. ९५-५ चं ते मिश्रण काटेकोर बोलायचं तर पितळच. इथे ते उघडं पडलं असतं तर मी मंडळात पेढे वाटले असते!

माझ्या चेहऱ्यावरून तुम्हाला दिसलं असणार की मन अजून मानत नव्हतं. म्हणून आपल्या कामातला शनिवार मोडून तुम्ही मला तुमच्या ओळखीच्या दुकानदाराकडे घेऊन गेलात. त्याच्याकडे चांदी-सोनं पारखायचं, प्लॅस्टिकच्या वरूनच धातूची विद्युतवाहकता मोजणारं यंत्र आहे. शुद्ध तांब्याची वाहकता १०० धरली तर जुन्या सेंटचं मिश्रण सुमारे ५६ वर येतं आणि जस्त २८ च्या आसपास. वरचा मुलामा इतका पातळ की त्याने फारसं काही बदलत नाही. यंत्र आणि नाणं यांच्यामध्ये प्लॅस्टिक आलं की आकडा हलतो, म्हणून नुसत्या आकड्यावर भरवसा न ठेवता तुम्ही तशाच स्लॅबमधले दोन साक्षीदार बरोबर आणले होते, एक १९८१ चा आणि एक १९८४ चा. त्या दोघांच्या आकड्यांमध्ये चांगलं अंतर होतं. माझा सेंट १९८४ च्या पंगतीत जाऊन बसला. तिथे माझी आशा संपली. खोटं कशाला बोलू, परतताना गाडीत मला गप्प गप्प वाटत होतं, आणि तुम्ही मुद्दाम क्रिकेटचा विषय काढलात.

या सगळ्याचा तुम्ही एक डॉलर घेतला नाहीत, पेट्रोलचेही नाही. मी तपासणीला पाठवला असता तर फी, विमा आणि टपाल मिळून नाण्याच्या कितीतरी पट पैसे गेले असते आणि उत्तर हेच आलं असतं. शिवाय माझ्याच उत्साहावर विसंबून कुणाला तो ‘तांब्याचा असावा’ म्हणून विकला गेला असता, तर ते वेगळंच लचांड.

तुम्ही नेमून दिलेलं काम सुरू केलंय. बरणीतले १९८२ चे सुटे सेंट वेगळे काढतोय. सालाचे अंक मोठे की छोटे, टांकसाळ फिलाडेल्फियाची की डेन्व्हरची, धातू पितळ की जस्त, यावरून नेहमीचे सात प्रकार. आठवा म्हणजे डेन्व्हरचा, सालाचे अंक छोटे असलेला पितळी, जो मुळी असायलाच नको होता, तो २०१६ मध्ये पहिल्यांदा सापडला. सुट्या नाण्याला प्लॅस्टिक आडवं येत नाही, काट्यावर ठेवलं की झालं. फक्त तो काटा तुमचा आहे आणि अजून माझ्याकडेच आहे. काकूंना सांगा, रविवारी तो परत द्यायला येतोय, आणि जेवूनच जाईन.

तुमचा,
एडिसनचा नाणेवेडा