सॅप क्वेरी अडली तर आधी हे बघा

नाशिकच्या सातपूर-अंबड ग्रुपच्या सर्व सभासदांना नमस्कार.

महिनाअखेर आली की साठा आणि येणे बाकीच्या क्वेरींबद्दल (सॅप या व्यवसायाच्या सॉफ्टवेअरमधून हवी ती माहिती काढणाऱ्या याद्यांबद्दल) ग्रुपवर विचारणा वाढते. प्रश्न टाकण्याआधी कृपया थोडी तपासणी करा.

क्वेरी यादीत दिसतच नसेल, तर आधी एरिया, म्हणजे क्वेरी ज्या विभागात ठेवली आहे तो, बघा. स्टँडर्ड एरिया त्या क्लायंटपुरता (सॅपमधल्या त्या स्वतंत्र डेटाच्या कप्प्यापुरता) असतो, ग्लोबल सगळ्या क्लायंटमध्ये दिसतो. तरीही नाही दिसली, तर एसक्यू 03 या यूजर ग्रुपच्या स्क्रीनमध्ये तुम्ही योग्य यूजर ग्रुपमध्ये आहात का आणि त्या ग्रुपला इन्फोसेट (क्वेरी ज्यातून माहिती घेते तो टेबलांचा संच) जोडलाय का, ते पाहा. डेटाच्या टेबलात बदल झाला असेल तर एसक्यू 02 या इन्फोसेटच्या स्क्रीनमधून इन्फोसेट पुन्हा जनरेट करा.

सगळ्यात घातक चूक ती, जी एरर देतच नाही. दोन टेबलं जोडताना इनर जॉइन (दोन्हीकडे जुळणाऱ्याच ओळी ठेवणारी जोडणी) असला की दुसऱ्या टेबलात नोंद नसलेल्या ओळी गळतात. आकडा कमी येतो आणि तोच साहेबांच्या टेबलावर जातो! अशा ठिकाणी लेफ्ट आउटर जॉइन (पहिल्या टेबलाच्या सगळ्या ओळी ठेवणारी जोडणी) लावा, बेरीज मूळ टेबलाशी ताडून पाहा.

ग्रुपवर विचारताना सॅपने दाखवलेला मेसेज नंबर पूर्ण लिहा. स्क्रीनशॉटमधली ग्राहकांची नावं आणि रकमा मात्र आठवणीने झाका.