चातुर्मासाचे डबे द्वादशीला आणावेत

सर्व भगिनींना नमस्कार.

आषाढी एकादशीला आपण नेम धरला होता: दिवसभरात जे चांगलं घडलं, त्यासाठी रोज रात्री मूठभर मूगडाळ डब्यात टाकायची. कार्तिकीला चातुर्मास संपतोय. एकादशीला धान्य वर्ज्य, म्हणून डबे कार्तिक शुद्ध द्वादशीला दुपारी 4 वाजता देवळाच्या सभामंडपात आणावेत. डाळ निवडूनच आणा. गेल्या वर्षी खडे वेचता वेचता आरतीची वेळ झाली होती!

या डाळीची खिचडी सरकारी रुग्णालयाबाहेर बसलेल्या नातेवाइकांसाठी आहे. तांदूळ मंडळाचे. वाढायला सहा जणी हव्यात.

भजनानंतर प्रत्येकीने एका मुठीची गोष्ट सांगायची. मोठं काही नको. सुनेने न सांगता गुडघ्याला तेल चोळलं, शेजारणीने दळण आणून दिलं, जुन्या मैत्रिणीचा फोन आला, एवढं पुरे. खोटं कशाला बोलू, एकदा मला काहीच सुचेना. मग आठवलं, सकाळी तुळशीला पाणी घालायला आपल्या पायांनी गेले होते. टाकली मूठ.

डबा अर्धाच भरला असेल तरी तसाच आणावा, दुकानातली डाळ घालून भरू नये. ज्यांच्याकडे त्याच संध्याकाळी तुळशीचं लग्न आहे, त्यांनी सकाळीच पोहोचवावा.

– सचिव, महिला भजनी मंडळ