पर्जन्यमापकाला आधी 628 मिली पाणी पाजा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की शाळा, ग्रामपंचायती, शेतकरी गट स्वयंचलित पर्जन्यमापक बसवतात. हे चांगलंच आहे. पण खांब रोवला आणि मोबाइलवर आकडा दिसला की काम झालं असं समजलं जातं, तिथेच घोळ होतो. महसूल मंडळात 24 तासांत 65 मिमी पाऊस झाला तर अतिवृष्टी धरतात. अशा वेळी गावाला स्वतःचा आकडा पुढे करायचा तर तो टिकला पाहिजे.

नरसाळ्याखाली दोन कप्प्यांची वाटी असते. एक कप्पा भरला की ती कलंडते, तिच्यावरचं चुंबक रीड स्विचसमोरून (चुंबक जवळ आलं की जुळणाऱ्या स्विचसमोरून) जातं आणि डेटा लॉगर, म्हणजे नोंदी साठवणारं यंत्र, एक ठोका मोजतो. तोंडाचा व्यास 20 सेंमी आणि एक ठोका 0.2 मिमी पावसाचा असेल, तर वाटी 6.28 मिलीला कलंडायला हवी. म्हणजे 628 मिली पाण्याला 100 ठोके. आधी पाणसळ लावून बैठक सपाट करा. मग बाटलीच्या झाकणाला बारीक भोक पाडून एवढं पाणी तासाभरात थेंबथेंब सोडा. 98 ते 102 ठोके आले तर ठीक. कमी आले तर वाटीखालचे दोन्ही स्क्रू सारखेच वर घ्या, जास्त आले तर खाली. भराभर ओतलं तर ठोके कमीच भरणार, कारण वाटी कलंडताना पडणारं पाणी मोजलं जात नाही. तेवढ्यावरून स्क्रूला हात लावू नका. आणि चाचणीचे 20 मिमी नोंदीतून काढून टाका.

लॉगरमध्ये ठोक्याची किंमत 0.2 ऐवजी 0.254 मिमी राहिली, तर 52 मिमीचा पाऊस 66 मिमी दिसतो! एकच ठोका दोनदा मोजला जात असेल, तर दोन ठोक्यांमध्ये 0.2 सेकंदाचं अंतर सक्तीचं करा. ताशी 120 मिमी पावसातही वाटी सहा सेकंदांतून एकदाच कलंडते, त्यामुळे खरा ठोका सुटत नाही. घड्याळही बघा. आपला पावसाचा दिवस सकाळी 8.30 ते 8.30 असतो, लॉगर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असेल तर त्यात तेव्हा 3.00 वाजलेले असतात.

सगळ्यात जास्त नोंदी बिघडतात त्या कडुनिंबाच्या पानांनी, पक्ष्यांच्या विष्ठेने, कोळ्याच्या जाळ्याने. नरसाळं अर्धवट तुंबलं की पाऊस थांबल्यावरही तासन्‌तास सावकाश ठोके पडत राहतात. आलेखात अशी लांब शेपटी दिसली की नरसाळ्यातली गाळणीची जाळी काढून धुवा. पावसाळ्यात हे दर आठवड्याला करावं. वायर लॉगरच्या पेटीत खालून घ्या, तिला झोल द्या, नाहीतर पाणी वायरीवरून थेट सर्किटपर्यंत पोचतं.

शेजारी साधा, हाताने मोजायचा पर्जन्यमापक ठेवा आणि रोज 8.30 ला त्याचा आकडा वहीत लिहा. लॉगर बंद पडला तर त्या दिवसाची नोंद फक्त त्या वहीतच राहते.

आपले,
पावसाच्या नोंदी ठेवणारे काही वाचक, जुन्नर (जि. पुणे)